कॅमेरा नंतर घ्या, आधी फोनची वही करा

जय ख्रिस्त दादा. तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुम्ही लिहिलंय की गडहिंग्लज बाजूला ४० घरांची मंडळी, म्हणजे चर्चची माणसं, आहे, ती पण तीन गावांत विखुरलेली, पाळक (चर्चचे धर्मगुरू) एकच आणि त्यांच्याकडे अजून दोन मंडळ्या, कोरोनात चर्च बंद पडलं तेव्हा सगळं विस्कटलं आणि उघडल्यावर दहा-बारा घरं परत आलीच नाहीत. आता तुम्ही नवीन सेक्रेटरी झालाय, मंडळीचा कारभार बघणाऱ्या पंचांनी २५ हजार बाजूला काढलेत, उद्या परत साथ आली तर ऑनलाईन भक्ती लगेच सुरू करता यावी म्हणून, आणि तुम्ही विचारताय कॅमेरा कुठला घ्यावा आणि झूम बरं की युट्यूब.

कॅमेऱ्याचं सांगते, शेवटी. त्याआधी एक विचारते. ती दहा-बारा घरं सुटली हे तुम्हाला कळलं कधी? चर्च उघडल्यावर. म्हणजे मधल्या काळात ती कधी गळाली, कशामुळे गळाली, हे कुणालाच माहीत नव्हतं. माझ्या मते तुमचा खरा प्रश्न हा आहे. संदेश ऐकायला मिळाला नाही म्हणून माणसं मंडळी सोडत नाहीत, संदेश तर मोबाईलवर ढिगाने पडलेत आणि आपल्यापेक्षा भारी बोलणारे पडलेत. रविवारी चर्चच्या दारात उभं राहिलं की आपल्याला दिसतं, आक्का आज आल्या नाहीत, तात्या काठी टेकत आले म्हणजे गुडघ्याने परत डोकं वर काढलंय, अमक्याचा पोरगा मागच्या बाकावर बसून आशीर्वादाच्या आधीच सटकला. मुद्दाम कुणी बघत नाही पण कळतं. चर्चला कुलूप लागलं की पहिलं जातं ते हे कळणं. आणि कॅमेऱ्यात पाळक सगळ्यांना दिसतात पण पाळकांना कुणीच दिसत नाही. व्हिडिओला ६० व्ह्यूज आले तरी त्यात आक्का होत्या का ते कोण सांगणार.

मी कोण ते सांगते म्हणजे माझं किती ऐकायचं ते तुम्हाला ठरवता येईल. मी रिटायर्ड स्टाफ नर्स, कोरोनाच्या काळात आमच्या मंडळीची सेक्रेटरी होते. आमची मंडळी कोल्हापूरच्या कडेची, तुमच्यापेक्षा थोडी लहान, निम्मी घरं शहरात आणि बाकीची उचगाव, शिरोली, चिखलीकडे. तुमची तीन खेडी आहेत, आमच्याकडे शहर जवळ होतं, हॉस्पिटल जवळ होतं, हा फरक मोठा आहे. तुमच्याकडे एकाच गल्लीत दहा घरं असतील तर अर्धं काम आपोआप होतं, आणि एकेक घर वस्तीवर लांब असेल तर माझं निम्मं सांगणं तुम्हाला बदलून घ्यावं लागेल. तरुण पोरं पुण्या-मुंबईला असतील तर ते वेगळं. पाळकांचं वय काय, त्यांना स्वतःला शुगर-बीपी आहे का, हे पण बघायला लागतं, कारण साथीत सगळीकडे धावणारा माणूस तेच असतात आणि सगळ्यात आधी आजारी पण तेच पडतात.

दुसरं, किती काळासाठी तयारी करायची ते लक्षात घ्या. २२ मार्च २०२० ला जनता कर्फ्यू झाला, २५ पासून लॉकडाऊन, आणि सगळ्यांना वाटत होतं की ईस्टरपर्यंत उघडेल, ईस्टर १२ एप्रिलला होता. आपल्या राज्यात देवळं, मशिदी, चर्च सगळं उघडलं ते १६ नोव्हेंबरला, दिवाळीच्या पाडव्याला. पुढच्या वर्षी ४ एप्रिलचा ईस्टर जेमतेम पार पडला आणि ५ तारखेच्या रात्रीपासून परत बंद, मग एकदम ७ ऑक्टोबर २०२१, घटस्थापनेला उघडलं. म्हणजे दीड वर्ष, आणि ते पण मध्ये उघडझाप. तीन रविवार कुणीही उत्साहाने लाईव्ह करतं हो. तिसऱ्या महिन्यात त्या पोराचं कॉलेज सुरू होतं, ट्रायपॉड कोपऱ्यात जातो आणि सगळं थंड पडतं. म्हणून जे काही बसवाल ते कंटाळलेल्या माणसाला पण जमेल असं बसवा.

आता वही. आम्ही नर्सेस ड्युटी बदलताना ओव्हर देतो, म्हणजे कुठल्या बेडला काय झालं, काय द्यायचं राहिलंय, कुणाकडे रात्री लक्ष ठेवायचं, हे पुढच्या सिस्टरला वहीतून वाचून सांगायचं आणि मगच घरी जायचं. मी तेच आणलं चर्चमध्ये, नवीन काही शोधलं नाही. दोनशे पानी साधी वही, प्रत्येक घराला दोन पानं. वर कुटुंबाचं नाव, घरात माणसं किती, म्हातारं कोण, गोळ्या कुठल्या चालू आहेत. मग फोन, आणि इथे नुसता नंबर लिहून भागत नाही, तो फोन कुणाच्या खिशात असतो ते लिहायचं. आमच्या एका आजींचा म्हणून जो नंबर रजिस्टरमध्ये होता तो नातवाच्या मोबाईलचा, नातू शिरोली एमआयडीसीत, फोन त्याच्याबरोबर कंपनीत, म्हणजे आजी रात्री साडेआठनंतरच सापडणार. मग तिथे लिहायचं, रात्री ८.३० नंतर, नातवाच्या नंबरवर. त्याच्याखाली शेजाऱ्याचा नंबर, आपल्या मंडळीतला नाही, भिंतीला भिंत लागून जो राहतो तो, मग तो कुणी का असेना. हा नंबर सगळ्यात कामाला येतो, फोन लागला नाही तर "जरा डोकावून बघा हो" म्हणायला हाच माणूस आहे. आणि शेवटी दोन रकाने, शेवटचं बोलणं कधी झालं आणि परत कधी करायचा. माझं तर मत आहे की वहीत फक्त हा शेवटचा रकाना नीट भरला तरी मंडळी टिकते.

ही वही आजच करा, साथ यायच्या आधी. आज तुम्ही घरोघरी जाऊन चहा पीत पीत हे विचारू शकताय, बंद पडल्यावर हेच फोनवर विचारताना लोकांना वाटतं की मदतीची यादी चाललीय किंवा सरकारी चौकशी चाललीय.

फोन कुणी करायचा? पाळकांनी सगळ्यांना करायचा म्हटलं तर ४० घरं, तुमच्या पाळकांच्या तीन मंडळ्या धरल्या तर शंभराच्या वर, ते होत नाही आणि झालं तर दोन-दोन मिनिटांत उरकतं. एका माणसाला पाच-सहा घरं, त्यापेक्षा जास्त नको. तुम्हाला सात-आठ माणसं लागतील. आणि इथे माणसं निवडताना पंच आहे, मोठा आहे, मान आहे, असलं बघू नका. आमच्यात सगळ्यात चांगलं काम कुणी केलं तर एक रिटायर्ड बाई, आयुष्यभर प्राथमिक शाळेत शिकवलेल्या, आणि एक टेलरिंग करणारी वहिनी, जिला प्रार्थना सभेत कधी मोठ्याने प्रार्थना करताना कुणी ऐकलं नव्हतं. ज्यांना ऐकून घेता येतं ती माणसं घ्या, ज्यांना बोलायला आवडतं त्यांना वाचन द्या. आणि भाऊबंदकी बघून घरं वाटा. बांधावरून ज्यांचं पटत नाही त्यांच्याकडे एकमेकांची घरं गेली तर तो फोन होणार नाही, झाला तरी पलीकडचा उचलणार नाही, आणि वहीत मात्र "ठीक" लिहून येईल.

फोनवर काय बोलायचं हे पण शिकवायला लागतं. "कसं काय, बरं हाय का" विचारलं की आपल्याकडे उत्तर एकच, "बरं हाय". मरायला टेकलेला माणूस पण बरं हाय म्हणतो, वॉर्डात बघितलंय. त्यापेक्षा विचारा, आज जेवायला काय केलं होतं? काल? दोन दिवस नुसती भात-चटणी चाललीय म्हटलं की समजून जायचं, रेशन संपलंय. गोळ्यांची पट्टी हातात घ्या आणि किती राहिल्यात ते मोजून सांगा म्हणायचं. झोप लागते का विचारायचं. प्रार्थना शेवटी, आणि छोटी, समोरच्याने जे सांगितलं त्याचीच. तेव्हा सरकारने प्रत्येक कॉलच्या आधी ती कोरोनाची ट्यून लावली होती आणि सुरुवातीला त्यात खोकल्याचा आवाज होता, आमच्या एक काकी फोन कानाला लावला की दचकायच्या, म्हणून त्यांचा फोन नेहमी आपणच करायचा असं ठरवलं होतं. बारीक गोष्ट आहे पण वहीत लिहिलेली होती.

ज्यांना रोज फोन करणं शक्य नाही आणि एकटे राहतात, त्यांच्यासाठी मिस्ड कॉल. साधा कीपॅडचा फोन, स्पीड डायलला एक नंबर, सकाळी नऊच्या आत मिस्ड कॉल द्यायचा, म्हणजे मी उठलोय, ठीक आहे. साडेनऊपर्यंत आला नाही तर आपण फोन करायचा, उचलला नाही तर शेजाऱ्याला. रिचार्ज संपला तर मिस्ड कॉल पण जात नाही, म्हणून रिचार्जची तारीख वहीत.

एक नाजूक गोष्ट सांगते. घर बंद असलं की घरातलं सगळं आतच राहतं, मारहाण, दारू, सुनेला उपाशी ठेवणं, सगळं. बाई फोनवर आहे आणि नवरा शेजारी बसलाय तर ती काही सांगू शकत नाही. तेव्हा असे प्रश्न विचारायचे ज्याला हो-नाही एवढंच उत्तर द्यावं लागेल. आणि फोन करणाऱ्याला आधीच सांगून ठेवायचं की असं काही कळलं तर ते ग्रुपवर नाही, प्रार्थनेच्या विषयात पण नाही, फक्त ठरलेल्या एका बाईला सांगायचं. महिलांच्या मदतीचा १८१ आणि अ‍ॅम्ब्युलन्सचा १०८ हे वहीच्या पुठ्ठ्यावरच लिहा. तसंच कोण पॉझिटिव्ह आलं हे व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकायचं नाही म्हणजे नाही. "अमक्या कुटुंबासाठी प्रार्थना करा, सगळे पॉझिटिव्ह आलेत" असा मेसेज एका मिनिटात गावभर होतो आणि मग त्या घराला कुणी दूध घालत नाही. पहिल्या लाटेत गल्लीला पत्रे मारायचे ते आठवतंय ना.

आता एकत्र प्रार्थनेचं. झूमवाले म्हणतील झूम, पण तुमच्या तीन गावांत किती जणांकडे स्मार्टफोन आहे, त्यातले किती पोरांच्या शाळेच्या ऑनलाईन क्लासला अडकलेले असतील? साध्या फोनवरून कॉन्फरन्स कॉल होतो, साधारण पाच जणांना जोडता येतं, आणि बरोबर तेवढीच घरं एकेका माणसाकडे आहेत. बुधवारी रात्री आठ वाजता ज्याने-त्याने आपली पाच घरं जोडायची, एक गाणं, एक वाचन, प्रत्येकाने आपलं सांगायचं, वीस मिनिटांत बंद. त्यात गंमती खूप होतात. मागे कुकरच्या शिट्ट्या, कुत्री, आणि कुणाला तरी मधेच दुसरा फोन आला आणि त्याने तो उचलला की बाकी सगळ्यांच्या कानात होल्डची ट्यून वाजायला लागते, प्रार्थना चालू आणि वरून ते संगीत. पहिल्याच वेळी सांगून ठेवा की दुसरा फोन आला तर कट करा, उचलू नका. पण एक सांगू का, जी माणसं चर्चमध्ये वर्षानुवर्षं फक्त "आमेन" म्हणत आली ती या पाच घरांच्या कॉलवर बोलायला लागली. हे मला झूमवर कधी दिसलं नाही.

गाण्याचं मात्र ऑनलाईन काही जमत नाही. आवाज मागे-पुढे पोचतो, एकाचं धृपद संपतं तेव्हा दुसऱ्याचं सुरू होतं. एकाच घराने म्हणायचं आणि बाकीच्यांनी म्यूट करून आपापल्या घरात बरोबर म्हणायचं. आणि चर्च परत उघडल्यावर पण गाण्याची घाई करू नका. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात मार्च २०२० मध्ये एका गायनवृंदाची अडीच तास प्रॅक्टिस झाली होती, ६१ जण होते, त्यातले ५३ आजारी पडले आणि दोघं गेले. एकाला नुसतं सर्दीसारखं वाटत होतं, तो आलेला. आपल्याकडे जूनमध्ये केंद्राचे नियम आले त्यात पण समूहगान नको, रेकॉर्ड लावा, असंच होतं. आमच्या काही लोकांना ते फार लागलं, गाण्याशिवाय कसली भक्ती म्हणून, पण मी नर्स आहे, मी ऐकलं नाही.

रविवारच्या संदेशासाठी व्हॉइस नोट. पाळकांनी शनिवारी संध्याकाळी दहा मिनिटांची करायची, त्यापेक्षा मोठी नाही. व्हॉट्सअॅपची दहा मिनिटांची व्हॉइस नोट एक-दीड एमबीची असते, तासभराचा व्हिडिओ बघायला तीनशे-चारशे एमबी जातो, आणि गगनबावडा, शाहूवाडी, राधानगरीकडे ज्यांची घरं आहेत त्यांना विचारा व्हिडिओ किती फिरत बसतो ते. ब्रॉडकास्ट लिस्ट वापरत असाल तर एक लक्षात ठेवा, ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच मेसेज जातो, आधी सगळ्यांच्या फोनमध्ये तुमचा नंबर स्वतः सेव्ह करून घ्या. ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही त्यांना गल्लीतल्या कुणीतरी दारात उभं राहून, अंतर ठेवून, स्पीकरवर ऐकवायची. आणि वेळ एकच ठेवा, रविवारी साडेनऊ म्हणजे साडेनऊ. आमच्याकडे वॉचमनमामा चर्चच्या आवारातच राहतात, ते रिकाम्या चर्चची घंटा नेहमीच्या वेळेला वाजवायचे, जवळच्या घरांना ऐकू जायची, लांबच्यांना त्या वेळेला एक मिस्ड कॉल. लोक अंघोळ करून, चांगले कपडे घालून बसायचे, हे त्यांनीच मला नंतर सांगितलं.

बाकी आपल्याकडच्या मंडळ्यांना पाळकाशिवाय रविवार काढायची सवय आहेच. १८५२ मध्ये अमेरिकन मिशनरी वायल्डर साहेब कोल्हापुरात आले तेव्हापासून खेड्यातल्या मंडळीला दर रविवारी पाळक मिळालाय असं क्वचितच झालं असेल, पंचांनीच वाचन घ्यायचं, पंचांनीच प्रार्थना. तुमच्या तीन गावांत अशी तीन माणसं आजच तयार करा, हे कॅमेऱ्यापेक्षा स्वस्त पडतं.

इथपर्यंतचं परत एकदा, पटकन: वही, पाच-सहा घरांमागे एक ऐकणारा माणूस, एकट्यांसाठी मिस्ड कॉल, बुधवारी साध्या फोनवर प्रार्थना, रविवारी छोटी व्हॉइस नोट. आता जड भाग.

मयत. साथीत मंडळी तुटते ती सगळ्यात जास्त इथे. वीस माणसांची मर्यादा होती, कोविडने गेलेल्याला तर घरी पण आणता येत नव्हतं. लोकांनी भीतीपोटी असलेल्या नियमापेक्षा जास्त कडक नियम स्वतःवर घालून घेतले. आरोग्य खात्याच्या मार्च २०२० च्या सूचनांमध्ये स्पष्ट होतं की बॅगेची चेन उघडून नातेवाईकांना शेवटचं तोंड बघता येतं, शरीराला हात न लावता शास्त्रवाचन, प्रार्थना करता येते, अंघोळ घालणं, मिठी मारणं, मुका घेणं नको. पण आयत्या वेळी दवाखान्यात कुणाला हे माहीत नसायचं किंवा सांगायला वेळ नसायचा. नवीन साथ आली तर नियम नवीन असतील, म्हणून पहिल्या आठवड्यातच तो कागद मिळवा, प्रिंट काढा आणि पाळकांच्या पिशवीत ठेवा. भांडायला नाही, दाखवायला. दफनभूमीत कोण जाणार ती चार-पाच निरोगी, तरुण माणसं आधी ठरवा, त्यांच्या घरच्यांना विचारून. आणि जे येऊ शकत नाहीत त्यांना त्या वेळेला फोनवर जोडा, एकाने फोन शर्टच्या खिशात ठेवायचा, बस. व्हिडिओपेक्षा आवाज बरा, माती पडताना बघण्यापेक्षा पाळकांचे शब्द ऐकू येणं घरच्यांना सोसतं, हे आपलं माझं मत, काहींना बघायचंच असतं, त्यांना विचारा.

आणि नंतरचं. पहिल्या आठवड्यात सगळे फोन करतात, फोन ठेवायला वेळ मिळत नाही. तिसऱ्या आठवड्यात कुणी करत नाही. म्हणून वहीत त्या घराच्या पानावर पुढच्या तारखा लिहून ठेवायच्या, महिना कधी होतो, गेलेल्या माणसाचा वाढदिवस, लग्नाचा वाढदिवस, नाताळ. त्या दिवशी फोन गेलाच पाहिजे. आमच्या एका घरात कर्ता माणूस दुसऱ्या लाटेत गेला, कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी दवाखान्यात बेड मिळण्यापासून सगळं अवघड गेलं होतं, त्या वहिनी पुढे म्हणाल्या की नाताळच्या सकाळी फोन आला नसता तर मी चर्चची पायरी परत चढले नसते. तुमची दहा-बारा घरं परत आली नाहीत म्हणताय, त्यातल्या किती घरांत मयत झाली होती ते एकदा शांतपणे बघा.

तुमच्याकडे हिरण्यकेशी नदी आहे म्हणून पुराचं पण सांगते. जुलै २०२१ ला साथ चालू असतानाच पूर आला. आमच्याकडे पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटाला धोका, पाणी पन्नासच्या वर गेलं, शिरोलीजवळ हायवे बंद, लाईट गेली, शहरात प्यायचं पाणी बंद. अशा वेळी तुमचं ऑनलाईन सगळं मेलेलं असतं, टॉवर आणि बॅटरी दोन्ही जातात. चिखलीची घरं कुठल्या शाळेत हलवलीत, कोण पाहुण्यांकडे गेलं, हे आम्हाला कागदाच्या वहीमुळे कळलं, कारण शेजाऱ्यांचे नंबर होते आणि सात-आठ जणांकडे आपापल्या पानांची झेरॉक्स होती. वही प्लास्टिकच्या पिशवीत ठेवायची. पाणी ३९ फुटाला म्हणजे इशाऱ्याच्या पातळीला आलं की नदीकाठच्या घरांना फोन, कुठे जाणार आहात ते आत्ताच सांगा, नंतर फोन लागणार नाही. तुमच्या नदीची इशारा पातळी कुठे मोजतात ते तहसीलमध्ये विचारून घ्या.

प्रभुभोजनाचं मी काही सांगणार नाही. घरोघरी भाकरी-द्राक्षारस ठेवून फोनवर करायचं का, की चर्च उघडेपर्यंत थांबायचं, हे तुमच्या पंथावर, तुमच्या कौन्सिलवर आहे, दोन्ही बाजूंनी चांगली माणसं आहेत. फक्त एक, साथ यायच्या आधी विचारून ठेवा, लेखी. मधेच एका गावात केलं आणि दुसऱ्यात नाही असं झालं तर ते भांडण साथीनंतर पण टिकतं. मुलांच्या संडे स्कूलला फोन नको, आधीच डोळे गेलेत पोरांचे. चित्राचा कागद आणि एक पाठांतराचं वचन दर आठवड्याला घरी पोचवा, पाठ झालं की पोराने फोन करून म्हणून दाखवायचं.

पैशाचं थोडं. अर्पण थांबतं आणि पाळकांचा पगार थांबतो, आणि ते बिचारे बोलत नाहीत. चर्चच्या खात्याचा क्यूआर काढून ठेवा, कुणाच्याही वैयक्तिक नंबरवर पैसे घेऊ नका, खजिनदार कितीही देवमाणूस असला तरी. ज्यांना मोबाईलवर जमत नाही त्यांना पाकिटं द्या, घरी साठवतील, उघडल्यावर आणतील. पावती त्याच दिवशी आणि पावतीचा फोटो लगेच. मदतनिधी वेगळा ठेवा, आणि जो फोन करतो त्याने मदत कुणाला द्यायची ते ठरवायचं नाही, नाहीतर लोक फोनवर खरं बोलायचे थांबतात. धान्याचं किट देतानाचे फोटो काढणार असाल तर देऊच नका.

ती जी घरं आली नाहीत त्यांच्याकडे आता जायचं असेल तर "तुम्ही येत नाही" ने सुरू करू नका, आणि पुलपिटवरून तर शब्द काढू नका. वहीच्या निमित्ताने जा, आम्ही सगळ्यांची माहिती नवीन करतोय, फोन कुणाकडे असतो, गोळ्या कुठल्या. एवढंच. काही जण दुसरीकडे जायला लागलेत असं कळेल, ते ऐकून घ्या, त्यांचं पान वहीत राहू द्या. काहींना लांब पडतंय, बस बंद झालीय, त्यांना कुणीतरी गाडीवर आणायचं एवढाच प्रश्न असतो. एखादा म्हणेल, बाप गेला तेव्हा कुणी फोन केला नाही. त्यावर खुलासा देत बसू नका, सगळं ऐकून घ्या आणि निघताना त्याच्या वडिलांची तारीख लिहून घ्या.

आता तुमचे २५ हजार. कॅमेरा घेऊ नका, पंचांपैकी कुणाच्या तरी फोनला बरा कॅमेरा असतोच. लोकांना चेहरा अंधुक चालतो, आवाज नाही चालत, म्हणून एक वायरचा कॉलर माईक आणि साधा ट्रायपॉड, दोन्ही मिळून दोन हजारांत बसवा. प्रत्येक गावाला एक ब्लूटूथ स्पीकर. ज्या एकट्या म्हाताऱ्यांकडे फोनच नाही त्यांना कीपॅडचे फोन, आणि राहिलेले पैसे फोन करणाऱ्यांच्या आणि म्हाताऱ्यांच्या रिचार्जला ठेवा. झूम फुकटात ४० मिनिटं चालतं, ते पंचांच्या मीटिंगला पुरतं, उलट वेळेत संपते. युट्यूबवर मोबाईलवरून थेट लाईव्ह करायला तेव्हा हजार सबस्क्रायबर लागायचे, आपल्यासारख्यांना कुठून आणायचे, नियम बदलत राहतात, त्या भानगडीत न पडता रेकॉर्ड करून अपलोड करा आणि लिंक पाठवा, ज्याला बघायचं तो सावकाश बघेल, पुण्या-मुंबईच्या पोरांना ते बरं पडतं. माईकला सेल लागणारा असेल तर तो शनिवारी कुणी तपासायचा त्याचं नाव पण वहीतच लिहा.

तुमची तीन गावं कुठली आणि रेंज कुठे नाही ते लिहिलंत तर घरं कशी वाटायची ते अजून नीट सांगता येईल. वहीच्या पानाचा फोटो पाहिजे असेल तर रिकाम्या पानाचा टाकते, भरलेल्याचा नाही.